नवी डिस्क, जुनी थरथर: पुरात उभ्या राहिलेल्या एका सिटीचे ब्रेक

गाडी माझ्या दाजींची. होंडा सिटी झेडएक्स, २००७ ची, पेट्रोल. चिपळूणला असते. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आरटीओत पासिंग करून घेतली आणि पुढची पाच वर्षं मिळवली, तेव्हा दाजींनी पेढे वाटले होते. इंजिन आजही मख्खन चालतं. दुखणं होतं ते ब्रेकचं, आणि तीन वर्षांत दोनदा पैसे खर्च करूनही ते परत परत डोकं वर काढत होतं.

मी कऱ्हाडकडचा. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना शिकवतो. मे २०२४ मध्ये ताई, दाजी आणि भाची सुट्टीला आले, तेव्हा गाडी भाचीनेच कुंभार्ली घाटातून चढवून आणली होती. उतरल्या उतरल्या म्हणाली, "मामा, हायवेवर ऐंशीला ब्रेक दाबला ना की स्टेअरिंग हातात थरथरतं. घाटात पायाखाली पेडलसुद्धा हलतं. बाबा म्हणतात जुनी गाडी आहे, सवय कर."

दाजींचं म्हणणं वेगळं होतं. "अरे, गेल्याच वर्षी डिस्क नव्या टाकल्यात, पॅड नवे टाकलेत. बिल आहे माझ्याकडे. आता परत डिस्क म्हणू नकोस." (डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी तबकडी; ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात.)

सवय करायची ही गोष्ट नव्हे. त्या घाटातून पोरगी एकटी ये-जा करते. मी त्यांना आठ दिवस गाडी ठेवून जायला सांगितलं. ते एसटीने परत गेले.

आधीची हकिगत

नुसती गाडी बघून निदान करू नये, आधी इतिहास विचारावा, असं मी पोरांना सांगतो. दाजींकडून तो असा निघाला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा गाडी थोड्या उंचावर लावलेली होती. बाजारपेठेतल्या गाड्यांची जी गत झाली ती हिची झाली नाही, पण चाकं अर्ध्याच्या वर बुडाली आणि गाडी तशीच चिखलात दोन दिवस उभी राहिली. त्यानंतर साफसफाईत, घर सावरण्यात पंधरवडा गेला. गाडी तोवर हलली नाही.

थरथर सुरू झाली ती त्या दिवाळीच्या सुमारास. २०२२ मध्ये तिथल्या एका गॅरेजवाल्याने दोन्ही डिस्क काढून लेथवर घासून आणल्या. चार-पाच महिने छान गेले, मग पुन्हा तेच. २०२३ मध्ये दुसरीकडे नवीन डिस्क आणि नवीन पॅड टाकले. पुन्हा काही महिने छान, आणि आता पुन्हा तेच. नव्या डिस्कवर गाडी जेमतेम ७,००० किलोमीटर चालली होती.

माझा कान उभा राहिला तो "काही महिने छान" या शब्दांवर. डिस्क खराब निघाली असती तर पहिल्या दिवसापासून त्रास दिला असता. दोन्ही वेळा काम केल्यावर गाडी बरी होते आणि हळूहळू बिघडते, म्हणजे काहीतरी डिस्कला रोज थोडं थोडं खराब करतंय.

गॅरेजमध्ये सरसकट म्हणतात, "डिस्क बेंड झाली." गरम डिस्कवर पाणी पडलं की ती वाकते, असंही सांगतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. तिच्या जाडीत फरक पडलेला असतो, एका जागी किंचित पातळ आणि दुसऱ्या जागी किंचित जाड. ब्रेक दाबल्यावर पॅड त्या चढ-उतारावरून जातात, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन मागे-पुढे होतो, तो धक्का ऑइलमधून पेडलला आणि सस्पेन्शनमधून स्टेअरिंगला पोचतो. हा फरक किती असावा लागतो? होंडाची मर्यादा ०.०१५ मिलिमीटर आहे. डोक्याचा केससुद्धा याच्या काही पट जाड असतो. नखाने, डोळ्याने, हात फिरवून हे कळणं शक्य नाही.

जाडीत फरक पडतो कसा, हे समजलं तरच पुढची गोष्ट समजेल. समजा डिस्क चाकासोबत फिरताना जरा लडबडतेय, पूर्ण एका सरळ प्रतलात फिरत नाही. याला रनआउट म्हणतात. ब्रेक सोडल्यावर पॅड डिस्कपासून फार लांब जात नाहीत, केसभर अंतरावर थांबतात. लडबडणाऱ्या डिस्कचा उंच भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला चाटून जातो, ब्रेक न दाबताही. या सिटीचं टायर १७५/६५ आर १४ आहे. ते एका किलोमीटरला साधारण साडेपाचशे वेळा फिरतं. ७,००० किलोमीटरला होतात अडतीस लाख फेरे. अडतीस लाख वेळा एकच जागा घासली गेली तर ती पातळ होणारच. म्हणून पहिले काही महिने छान जातात.

आता प्रश्न असा, की नवी कोरी डिस्क लडबडते कशामुळे?

मोजमाप

आधी खात्री केली की त्रास पुढच्याच चाकांचा आहे. स्टेअरिंगला जाणवतो म्हणजे पुढचाच, हे बरोबर असलं तरी मी तेवढ्यावर थांबत नाही. संस्थेच्या मोकळ्या मैदानात तीसच्या वेगाने गाडी नेली आणि पायातला ब्रेक न लावता, बटण दाबून धरून, हँडब्रेक हळूहळू ओढला. तो मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकवर काम करतो. गाडी गुळगुळीत थांबली. मागचा संशय मिटला. मागचे ड्रम नंतर उघडले तेव्हा त्यातून पुराचा वाळलेला गाळ वाटीभर निघाला, पण लायनर आणि ड्रम ठीक होते. साफ करून बंद केले.

मागच्या चाकांना दगड लावले, पुढून उचलून स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकवर गाडी असताना मी कुणाला हात घालू देत नाही. डावं चाक काढल्यावर चारही नट परत लावले, खाली वॉशर देऊन, कारण चाक नसलं की डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर, सैल बसते आणि सैल डिस्कवरचं मोजमाप फसवं असतं. मग नकलवर (हबला धरणारा, न फिरणारा भाग) मॅग्नेटिक स्टँड लावून डायल गेजचं, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचं, टोक डिस्कच्या कडेपासून बोटभर आत टेकवलं आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली.

काटा ०.१३ मिलिमीटर फिरला. मर्यादा ०.१० ची आहे, आणि नव्या बसवलेल्या डिस्कवर ०.०५ च्या वर गेलं तर मला स्वतःला झोप येत नाही. उजवीकडे ०.०६ आला.

मायक्रोमीटर लावून डाव्या डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजली. सगळ्यात जास्त २०.८७, सगळ्यात कमी २०.८३. म्हणजे ०.०४ चा फरक, मर्यादेच्या अडीचपटीहून जास्त. नवी डिस्क २१ मिलिमीटरची असते आणि १९ पर्यंत वापरता येते. नुसता व्हर्नियर लावून बघणाऱ्याने "डिस्क नवीनच आहे की हो" म्हणून पुन्हा चाक लावलं असतं, आणि त्याचं बोलणं त्याच्यापुरतं खरंही असतं.

आता या प्रकरणातली माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं. हबच्या चार स्टडना (ज्यांवर चाकाचे नट चढतात त्यांना) खडूने १ ते ४ आकडे टाकले. डिस्कवर १ समोर एक रेघ ओढली. काटा सगळ्यात वर जातो ती जागा पाहिली, ती स्टड ३ च्या जवळ होती. मग डिस्क काढली, अर्धा फेरा फिरवून, म्हणजे रेघ ३ समोर आणून, परत बसवली. नट तितकेच आवळले आणि पुन्हा मोजलं. खोट डिस्कमध्ये असती तर उंच जागा डिस्कसोबत फिरून स्टड १ कडे गेली असती. ती गेली नाही. काटा पुन्हा स्टड ३ जवळच वर गेला. खोट डिस्कमागच्या हबमध्ये होती.

हा काटा पाहायला मी तीन पोरांना उभं केलं होतं. त्यातल्या एकाने स्वतःहून विचारलं, "सर, मग डिस्क तीनदा बदलली असती तरी?" तीनदा बदलली असती तरी.

डिस्क काढताना आणखी एक गोष्ट दिसली. होंडाच्या या डिस्क हबवर दोन चपट्या डोक्याच्या स्क्रूने धरलेल्या असतात. गंजल्यावर ते सुटता सुटत नाहीत. इथे एक स्क्रू नव्हताच, दुसऱ्याचं डोकं ड्रिलने उडवलेलं होतं. हा मोठा गुन्हा नाही, कारण डिस्कला खरं दाबून धरतात ते चाकाचे नट. पण स्क्रूसाठी एवढी मारामारी करणाऱ्या कारागिराने हबच्या तोंडाकडे बघायला एक मिनिट दिलं नव्हतं, हे पाहून वाईट वाटलं.

हबचं तोंड मातकट तांबूस झालं होतं. हातात बॅटरी धरून आडवा उजेड टाकला तेव्हा स्टड ३ आणि ४ च्या मध्ये एक फुगवटा दिसला. स्क्रेपरने हळूच उचलला तर गंजाचा पापुद्रा अलगद सुटून आला, करंगळीच्या नखाएवढा, वरून काळा चकचकीत आणि खालून विटकरी. वरची चकाकी म्हणजे दोन डिस्कच्या दाबाखाली तो पॉलिश झाला होता. मायक्रोमीटरमध्ये धरला, ०.०७ च्या आसपास भरला. हबच्या तोंडावर ०.०७ ची फट असेल तर डिस्कची घासणारी जागा मध्यापासून बरीच बाहेर असल्यामुळे तिथे ती पावणेदोनपट होते, म्हणजे ०.१२. काटा ०.१३ सांगत होता.

तो पापुद्रा मी कागदात गुंडाळून ठेवला आहे.

उजवीकडची वेगळी कथा

उजव्या चाकाचं रनआउट मर्यादेत होतं, पण पॅड बाहेर काढल्यावर ते सारखे झिजलेले नव्हते. बाहेरचा ८ मिलिमीटर, आतला ४. या गाडीचा कॅलिपर तरंगता असतो. पिस्टन एकाच बाजूला, आत, आणि कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन अडकली की पिस्टन आतला पॅड दाबतो, पण कॅलिपर सरकत नाही, आणि ब्रेक सोडल्यावरही आतला पॅड घासत राहतो. पॅडची अशी विषम झीज दिसली की पिन बघायची.

खालची पिन हाताने हललीच नाही. पाना लावून, पेनेट्रेटिंग ऑइल मारून, अर्ध्या तासाने बाहेर आली. तिचं रबरी बूट फुगून मऊ पडलं होतं आणि आत गढूळ, चिकट लगदा होता. दोन कारणं एकत्र आली होती. एक, पुराचं पाणी बुटातून आत गेलं. दुसरं, नंतर कुणीतरी चांगल्या मनाने तिथे साधं चासिस ग्रीस भरलं. ब्रेकमधलं रबर ब्रेक ऑइलला चालतं, पण पेट्रोलियमच्या ग्रीसला ते फुगतं. या पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावायचं. ते महाग असतं आणि छोट्या पुडीत येतं, पण लागतंही जेमतेम बोटाच्या टोकाएवढं.

उजव्या डिस्कवर आतल्या बाजूला निळसर डाग होते, तापल्याचे. घाटात उतरताना ही बाजू सगळ्यात जास्त भाजत होती.

डाव्या हबचं तोंड वायर ब्रश आणि एमरीने साफ केलं. स्टडच्या मुळाशी ब्रश पोचत नाही आणि गंज नेमका तिथेच लपतो, म्हणून तिथे पातळ स्क्रेपर फिरवला. घासायचं ते गंज जाईपर्यंतच, हबचं लोखंड खायचं नाही. मग डायल गेज थेट हबच्या तोंडावर लावला. काटा ०.०२ फिरला. हब स्वतः सरळ होता, बेअरिंगलाही खेळ नव्हता.

जुनी डावी डिस्क त्यावर परत लावून बघितली तर रनआउट ०.०४ वर आला. म्हणजे मूळ खोट गेली. पण जाडीतला फरक डिस्कवर कोरला गेला होता, तो साफसफाईने जात नाही. इथे निर्णय घ्यायचा होता. जाडी भरपूर शिल्लक होती, तेव्हा डिस्क घासून वापरता आली असती. आमच्या संस्थेत लेथ आहे. पण चकमध्ये धरून आधी एक बाजू आणि मग उलटून दुसरी घासली, तर दोन्ही बाजू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या समांतर येतील याची हमी मी आमच्या जुन्या लेथवर देऊ शकत नाही. गाडीवर बसवलेल्या डिस्कलाच घासणारं यंत्र असतं, ते या कामाला उत्तम, पण ते जवळपास नव्हतं. उजवी डिस्क तर भाजलेलीच होती, आणि डिस्क जोडीनेच बदलायच्या असतात. मी दाजींना फोन केला.

"दाजी, डिस्क परत टाकाव्या लागतील. पण या वेळेला का, ते तुम्हाला फोटो पाठवून दाखवतो."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाले, "तू स्वतः बसवतोयस ना? मग टाक."

बसवताना

पॅडची धूळ मी कधीच कॉम्प्रेसरने उडवू देत नाही. जुन्या पॅडमध्ये काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. ॲस्बेस्टॉस असेल तर ती धूळ फुप्फुसात जन्मभर बसते. ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं टाकून द्यायचं. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहितो.

कॅलिपर सोडला की तो रबरी होजवर लोंबकळत ठेवू नये. तारेने स्प्रिंगला बांधला. पिस्टन मागे दाबण्यापूर्वी ब्लीड निपल (कॅलिपरमधलं ऑइल बाहेर काढायची तोटी) उघडून त्याला नळी लावली, म्हणजे जुनं ऑइल वर टाकीत न जाता बाहेर आलं. ते काळ्या चहासारखं झालं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणच्या हवेत पाण्याला तोटा नाही. डॉट ३ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही हद्द १४० पर्यंत उतरू शकते. घाटात लांब उतारावर कॅलिपर तापला आणि ऑइलला उकळी फुटली की पेडल सरळ खाली जातं. सगळं ऑइल बदललं. डॉट ४ टाकलं, ते चालतं आणि जास्त तापमान सोसतं.

नव्या डिस्कवर गंज न चढण्यासाठी तेलाचा थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसला, दोनदा. डिस्कची मागची बाजूही पुसली, कारण ती हबला टेकते. दोन्ही पिना घासून, नवी बुटं घालून, ग्रीस लावून बसवल्या. बोटाने ढकलल्यावर लोण्यासारख्या सरकल्या पाहिजेत, तशा सरकल्या. कॅलिपर ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान ज्या खाचांत बसतात तिथलाही गंज काढला.

डिस्क बसवून पुन्हा मोजलं. डावी ०.०३, उजवी ०.०३. हे आकडे, तारीख आणि किलोमीटर एका कार्डावर लिहून कार्ड डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलं.

मग चाकाचे नट. हे साधं काम वाटतं, पण इथेही घोटाळा होतो. पंक्चरवाला गनने एक नट पूर्ण आवळतो, मग शेजारचा, मग पुढचा, प्रत्येक वेगळ्या जोराने. त्या ओढाताणीत डिस्क तिरकी दाबली जाऊ शकते. समोरासमोरचे नट आळीपाळीने, आधी हलके आणि मग टॉर्क रेंचने १०८ न्यूटन मीटरला आवळले. कार्डावर तेही लिहिलं.

गाडी सुरू करण्याआधी पेडल दाबून दाबून कडक करून घेतलं. पॅड मागे सरकवलेले असतात, पहिलं पेडल थेट तळाला जातं, आणि तेव्हा गाडी गिअरमध्ये असेल तर समोरची भिंतच थांबवते.

संध्याकाळी रस्ता मोकळा झाल्यावर पॅड जुळवले. साठवरून वीसपर्यंत मध्यम जोराने ब्रेक, पूर्ण न थांबता, मग अर्धा-पाऊण किलोमीटर गार होऊ द्यायचं, असं दहा वेळा. गरम असताना थांबून पेडल दाबून धरलं की पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि नव्या डिस्कला पहिल्याच दिवशी डाग लागतो. शेवटच्या चार वेळा भाचीच बसली होती चाकावर, गाडी न्यायला आली होती. ऐंशीवर नेऊन तिने ब्रेक दाबला. पूर्वी त्या वेगाला सेकंदाला बारा वेळा स्टेअरिंग हलायचं. या वेळी तिने एक हात उचलून दोन बोटांवर स्टेअरिंग धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दोन्ही हात ठेव.

जाताना तिला एवढंच सांगितलं, घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ठेव, पायाने गाडी धरून ठेवू नकोस.

वर्षभराने

मे २०२५ मध्ये गाडी पुन्हा दारात आली, ११,००० किलोमीटर चालून. मागच्या वेळी ७,००० ला बिघडली होती. चाकं काढून कार्ड समोर ठेवून मोजलं. डावं रनआउट ०.०४, उजवं ०.०३. जाडीतला फरक दोन्हीकडे ०.०१ च्या आत. उजवीकडचे आतले-बाहेरचे पॅड सारखे झिजलेले. कार्डावर माझ्या अक्षराखाली दुसऱ्या अक्षरात एक ओळ होती, चिपळूणच्या टायरवाल्याची: "नट १०८, रेंचने." दाजींनी टायर बदलताना त्याला कार्ड दाखवून, रेंच असलेलं दुकान शोधून काम करून घेतलं होतं.

एक गोष्ट मात्र नवीन ऐकू आली. साठच्या पुढे डाव्या बाजूने बारीक घूं असा आवाज येतो, उजवीकडे वळताना वाढतो. बेअरिंगचा आहे. पुराचं पाणी तिथेही शिरलंच असणार, इतके दिवस सोसलं त्याने. बेअरिंग दाबून काढताना हबही निघेल, म्हणजे डिस्क पुन्हा उतरणार. दिवाळीत गाडी आणायला सांगितली आहे. डायल गेज तेव्हा परत लागेल.